कळंगुटचा प्रवेशकर: एका ठरावाचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर 2024 मध्ये गोव्याच्या बार्देश तालुक्यातील कळंगुट ग्रामपंचायतीने गावात येणाऱ्या पर्यटकांकडून कर घ्यावा असा ठराव केला. गावाच्या प्रवेशमार्गांवर नाके उभारायचे, येणाऱ्यांकडे हॉटेलचे आरक्षण आहे की नाही ते पाहायचे आणि नाक्यावर कर वसूल करायचा, अशी ही कल्पना होती. त्यामागचे कारण कळंगुटमध्ये राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती. बसगाड्या भरून लोक सकाळी येतात, रस्त्याकडेला किंवा मोकळ्या शेतात शेगडी मांडून जेवण रांधतात, दिवसभर किनाऱ्यावर काढतात आणि संध्याकाळी उष्टी-खरकटी, प्लास्टिकच्या पत्रावळी व बाटल्या मागे टाकून निघून जातात. हा कचरा उचलणे पंचायतीच्या माथी येते. तो टाकणाऱ्यांकडून मात्र पंचायतीला एक पैसाही मिळत नाही.

ठरावाची बातमी देशभर झाली. प्रत्यक्षात नाके उभे राहिले नाहीत. गोव्यातील पंचायतींचे आर्थिक स्वातंत्र्य कागदावर किती आणि व्यवहारात किती, हे तपासायला या फसलेल्या ठरावाइतके सोयीचे प्रकरण दुसरे सापडणार नाही. गरीब, दुर्गम, उत्पन्नाचे साधन नसलेल्या पंचायतीची कहाणी आपल्याला पाठ असते. इथे पंचायत किनारपट्टीवरील, गजबजलेली, हॉटेले, शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खाद्यगृहे) आणि दुकाने यांनी भरलेली आहे. तिलाही रस्त्यावर नाका टाकून पैसे मागावेसे वाटावे, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे.

गाव की शहर

2011 च्या जनगणनेत कळंगुटची लोकसंख्या 13,810 होती. 2001 मध्ये ती 15,776 होती, म्हणजे कायमचे रहिवासी दहा वर्षांत कमी झाले. त्याच काळात गावात हॉटेलांची आणि भाड्याच्या खोल्यांची संख्या वाढत होती, हे वेगळे सांगायला नको. जनगणनेने कळंगुटची नोंद ‘जनगणना शहर’ अशी केली आहे. म्हणजे वस्तीचे स्वरूप शहरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा. गोव्यात अशी 56 जनगणना शहरे 2011 मध्ये मोजली गेली, तर वैधानिक शहरे, म्हणजे नगरपालिका आणि पणजी महानगरपालिका मिळून, अवघी 14 होती. राज्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी आहे असे आपण सांगतो तेव्हा त्यातील बराच मोठा वाटा पंचायतींच्या हद्दीत राहतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. ‘ग्रामीण विकास’ या शीर्षाखाली जो पैसा येतो तो या वस्त्यांमध्ये खर्च होतो. त्यांच्या गरजा मात्र मलनिस्सारण, वाहनतळ, कचरा आणि रात्रीची वर्दळ अशा असतात.

या वस्त्यांची नगरपालिका का होत नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर गोव्यातील कोणत्याही ग्रामसभेत पाच मिनिटांत मिळते. नगरपालिका म्हणजे वाढीव कर, वाढीव बांधकाम आणि गावपणाचा शेवट, असा लोकांचा समज आहे. तो पूर्णपणे चुकीचा आहे असे मला वाटत नाही. पण त्याची किंमत म्हणून शहराचा भार गावाच्या तिजोरीवर राहतो.

भार किती याचा अंदाज एका तुलनेतून येतो. 2024 मध्ये गोव्यात आलेल्या पर्यटकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. राज्याची लोकसंख्या 2011 च्या गणनेनुसार 14.58 लाख. या पर्यटकांपैकी कळंगुट-बागा पट्ट्यात पाय न ठेवता परतणारे थोडेच. केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान मात्र रहिवासी डोक्यांवर मोजले जाते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमध्ये स्थानिक संस्थांचा पैसा वाटताना लोकसंख्येला 90 आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन दिले आणि लोकसंख्या धरली ती 2011 ची. तरंगती लोकसंख्या या सूत्रात कुठेच बसत नाही. एका शनिवारी रात्री बाग्याच्या रस्त्यावर जेवढी माणसे असतात त्यांतली बहुतेक या हिशेबात अस्तित्वातच नसतात.

पैसा कोणत्या दारातून जातो

ठरावाच्या वेळी, म्हणजे 2024 मध्ये, कळंगुटमधल्या एखाद्या हॉटेलात 4,000 रुपये भाड्याची खोली घेणारा पर्यटक 12 टक्के दराने 480 रुपये वस्तू व सेवा कर भरत होता. त्यातील निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. (सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर हा दर 5 टक्के झाला आहे, त्यामुळे ही रक्कमही आता घटली.) 1 जुलै 2017 पूर्वी खोलीवर राज्याचा ऐषाराम कर होता, 1988 च्या कायद्याखालचा. तोही राज्याच्याच तिजोरीत जाई. याच पर्यटकाने दारू घेतली तर अबकारी राज्याचा. त्याने भाड्याची दुचाकी घेतली तर तिची नोंदणी आणि रस्ता कर वाहतूक खात्याचा. किनाऱ्यावरच्या शॅकचा परवाना पर्यटन खाते देते आणि शुल्कही तेच घेते. किनारा साफ करणारे कंत्राटदार व जीवरक्षक यांची नेमणूकही राज्य पातळीवरच होते.

पंचायतीच्या दारात जे येते ते असे: घरपट्टी, व्यापार परवान्याचे शुल्क, जाहिरात फलकांचे शुल्क, बांधकाम परवान्याची फी, बाजारात बसणाऱ्यांकडून सोपो आणि कचरा शुल्क. सोपो बहुतेक पंचायती स्वतः गोळा करीत नाहीत. त्याची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि जो जास्त बोली लावतो तो वर्षभर वसुली करतो. वसूल किती झाले हे कंत्राटदाराला ठाऊक असते, पंचायतीला बोलीची रक्कम तेवढी मिळते. जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात राज्याकडून मिळणारे अनुदान, इतर सरकारी अनुदाने आणि वित्त आयोगाचा पैसा ही बाहेरून येणारी बाजू.

या बाहेरच्या बाजूवर अटी असतात. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये दिले, त्यातील 60 टक्के बांधील होते: निम्मे पिण्याचे पाणी आणि पाणीसंवर्धन यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले 40 टक्के मोकळे, पण तेही पगार आणि आस्थापना यांवर खर्च करायचे नाहीत. गोव्याच्या बाबतीत पाण्यावरील बांधील हिस्सा मोठा विचित्र ठरतो. इथे नळाचे पाणी राज्याचे खाते पुरवते, पूर्वी सार्वजनिक बांधकाम खाते आणि अलीकडे स्वतंत्र पेयजल खाते. ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळालेले हे देशातील पहिले राज्य, ऑगस्ट 2022 मध्ये. नळ पंचायतीचा नाही, बिल पंचायतीचे नाही, पाइप फुटला तर दुरुस्ती पंचायतीची नाही. तरीही अनुदानातला ठरावीक वाटा पाण्यासाठीच वापरायचा. मग विहिरींचे कठडे बांधणे, झरी साफ करणे, पावसाचे पाणी साठवण्याची टाकी उभारणे अशी कामे शोधावी लागतात. ही कामे वाईट नाहीत. सत्तरीसारख्या तालुक्यात झऱ्यांवर केलेला खर्च सत्कारणीच लागतो. पण बागा खाडीच्या काठावरील पंचायतीला सर्वांत निकड कशाची आहे, हे दिल्लीत ठरते आणि तिथे देशातील अडीच लाख पंचायतींना एकच कोट शिवला जातो.

स्वच्छतेचा बांधील हिस्सा कळंगुटला निश्चितच उपयोगी पडतो. परंतु कचऱ्याच्या कामात एकदाच होणारा खर्च लहान आणि रोजचा खर्च मोठा असतो, हे तिथल्या पंचांना चांगले ठाऊक आहे. शेड बांधणे, टेम्पो घेणे सोपे. टेम्पो रोज पहाटे फिरवणे, कामगारांना हातमोजे व मजुरी देणे, सुका कचरा वेगळा करून गठ्ठे बांधणे, ओला कचरा साळगावच्या प्रकल्पात पोचवणे, हे वर्षाचे 365 दिवस चालते आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. साळगावचा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला आणि पुढे त्याची क्षमता दिवसाला 250 टनांपर्यंत वाढवण्यात आली, ही गोव्याच्या कचरा व्यवस्थापनातील खरोखरची जमेची बाजू. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व वीज तयार होते आणि पुनर्वापर न होणारा सुका कचरा कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे जातो. पण प्रकल्पाच्या फाटकापर्यंत कचरा नेण्याचे काम पंचायतीचेच राहते. शेतात चूल मांडून गेलेल्या मंडळींचा कचरा वेगळा केलेला नसतो. भात, रस्सा, काचेच्या फुटक्या बाटल्या, लहान मुलांचे डायपर, सगळे एका काळ्या पिशवीत किंवा पिशवीविना. अशी पिशवी हाताने फोडून निवडावी लागते आणि ते काम करणाऱ्याच्या बोटाला काच लागली तर त्याची नोंद कोणत्याही अनुदानाच्या रकान्यात होत नाही.

ठराव कायद्यात कुठे अडकला

आता ठरावाकडे. संविधानाचे 265 वे कलम सांगते की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने, जी 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली, पंचायतींसाठी 243-ज हे कलम आणले. त्याची भाषा नीट वाचली पाहिजे. ते पंचायतीला कर लावण्याचा अधिकार देत नाही. राज्याच्या विधिमंडळाला तसा अधिकार पंचायतीला ‘देता येईल’ असे म्हणते. दिला नाही तर संविधानाचा भंग होत नाही. गोव्याने 1994 मध्ये आपला पंचायत राज कायदा केला आणि त्यात पंचायतीने कोणते कर व शुल्क घ्यावे हे नमूद केले. दर आणि पद्धत सरकारच्या नियमांनी ठरते. अशा चौकटीत पंचायतीचा ठराव ही इच्छा असते. लोकांच्या खिशाला हात घालण्याइतके बळ त्यात नसते.

नाक्याची कल्पना आणखी एका ठिकाणी अडते. कळंगुटला येणारे मुख्य रस्ते पंचायतीचे नाहीत. पर्वरीहून साळगावमार्गे येणारा चोगम रोड (1983 च्या राष्ट्रकुल प्रमुखांच्या परिषदेची ही आठवण), म्हापशाहून पर्रा-नागवा-हडफडेमार्गे येणारा रस्ता आणि कांदोळीकडून किनाऱ्याला समांतर येणारा रस्ता, हे सगळे राज्याच्या बांधकाम खात्याचे. आणि यांतला कोणताच रस्ता फक्त कळंगुटला जात नाही. साळगावहून कांदोळीला जाणारा माणूस कळंगुट ओलांडतो. बाग्याच्या पुलावरून हणजूणला जाणाराही ओलांडतो. पेडणे, डिचोली आणि सिंधुदुर्गातून दुचाकीवर रोज कामाला येणारे वेटर, स्वयंपाकी, वाहनचालक हे तर गावाचा व्यवहार चालवणारेच लोक. नाक्यावर उभ्या असलेल्या पंचायतीच्या माणसाने यांतून पर्यटक कसा निवडायचा? गाडीच्या क्रमांकावरून? मग बेळगावची गाडी घेऊन आलेला सासुरवाशिणीचा भाऊ पर्यटक ठरेल आणि गोव्याच्या भाड्याच्या गाडीतला पर्यटक सुटेल.

महाराष्ट्रातील वाचकांना इथे महाबळेश्वर, पाचगणी आणि माथेरान आठवतील. तिथे नगरपालिका नाक्यावर प्रवासी कर घेतात आणि त्यावर कोणी फारसा आक्षेप घेत नाही. मात्र तिथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक तर त्यांच्या पाठीशी नगरपालिका कायद्यातील तरतूद आहे. दुसरे म्हणजे ती डोंगरमाथ्यावरील गावे आहेत, रस्ते एक किंवा दोन, आणि त्या रस्त्याने जाणारा माणूस बहुधा तिथेच जात असतो. माथेरानला तर दस्तुरीच्या पुढे मोटारच जात नाही. सपाट किनाऱ्यावरील, एकमेकांत मिसळून गेलेल्या गावांत नाका घालणे म्हणजे एका खोलीला चार दरवाजे असताना एकावर पहारेकरी बसवणे.

गोवा सरकारने स्वतः 2013 मध्ये राज्याबाहेरील वाहनांवर सीमेवर प्रवेश शुल्क सुरू केले होते. सिंधुदुर्गातून, विशेषतः दोडामार्ग भागातून त्याला कडाडून विरोध झाला आणि पुढे ते बंद पडले. जे राज्याला पचले नाही ते पंचायतीला पचेल अशी अपेक्षा करणे धाडसाचे होते.

कर की कुंपण

कायद्याची अडचण बाजूला ठेवली, तरी या ठरावात मला खटकणारी एक गोष्ट उरते. हॉटेलचे आरक्षण आहे की नाही हे पाहायचे असे म्हटले, की कराचा रोख कोणावर आहे ते उघड होते: आरक्षण नसलेल्यावर, म्हणजे बसने येऊन बसने जाणाऱ्या, कमी पैशात गोवा पाहू इच्छिणाऱ्या माणसावर. तो उघड्यावर स्वयंपाक करतो तेव्हा निश्चितच उपद्रव होतो. त्यासाठी वेगळा कायदा आहे. पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा 2001 चा कायदा 2019 मध्ये दुरुस्त करून उघड्यावर दारू पिणे व जेवण शिजवणे यांसाठी एका व्यक्तीला 2,000 आणि गटाला 10,000 रुपये दंडाची तरतूद करण्यात आली होती. दंड ज्याने घाण केली त्याला होतो. प्रवेशकर मात्र जो उद्या घाण करील असा संशय आहे त्या सर्वांना होतो. शिवाय पंचतारांकित हॉटेलातला पाहुणा कचरा करीत नाही असे कोण म्हणेल? दर माणशी कचरा मोजला तर तो जास्तच भरेल. फरक इतकाच की त्याचा कचरा मागच्या दाराने जातो.

म्हणून ठरावाच्या हेतूत दोन गोष्टींची सरमिसळ झाली होती. पंचायतीला पैसा हवा होता आणि गावाला विशिष्ट प्रकारची गर्दी नको होती. पैसा हवा असेल तर कर अशा ठिकाणी लावावा लागतो जिथे व्यवहार मोठा आहे. गर्दी नको असेल तर ज्याच्याकडे पैसा कमी त्याच्यावर कर बसवावा लागतो. दोन्ही एकाच नाक्यावर साधत नाही. कळंगुटच्या रागाला कारण होते, याबद्दल मला शंका नाही. पण रागाचा पत्ता चुकला.

हातात असलेले अधिकार

मग पंचायतीने करायला हवे होते काय? इथे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते, कारण काही अधिकार तिच्याकडे आहेत आणि ते वापरायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

किनारपट्टीवर सर्रास दिसणारे चित्र असे. जुन्या घराच्या मागे आणखी एक मजली बांधकाम होते. त्यात चार खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर, बाहेर वातानुकूलन यंत्रांची रांग आणि फाटकावर फोन क्रमांकाची पाटी. खोल्या संकेतस्थळांवर रात्रीच्या दराने भाड्याने जातात. घरपट्टीच्या पावतीवर मात्र ते राहते घर असते आणि आकारणी जुन्या क्षेत्रफळावर, राहत्या घराच्या दराने. व्यापार परवाना नसतो. पर्यटन व्यवसाय नोंदणीच्या 1982 च्या कायद्याखाली नोंद असेलच असेही नाही. अशा घराची फेरआकारणी करणे, मोजमाप घेऊन व्यावसायिक दर लावणे, परवाना घ्यायला लावणे, हे पंचायतीच्या कक्षेतले काम आहे.

ते का होत नाही, याचे कारण कायद्यात सापडत नाही. ते मतदार यादीत सापडते. पंचायतीचा प्रभाग लहान असतो, सर्वसाधारण गावात काही शे मतदारांचा. पंचाला आपल्या प्रभागातले प्रत्येक घर आणि त्यातले प्रत्येक मत ठाऊक असते. बाहेरच्या माणसावर कर लावण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. शेजाऱ्याच्या चार खोल्यांची फेरआकारणी करा असे कोणी सुचवले तर पुढच्या निवडणुकीपर्यंत ते त्याला ऐकवले जाते. शिवाय आकारणी करणारे हात फार थोडे. पंचायतीचा सचिव हा राज्य सरकारचा कर्मचारी, त्याची बदली पंचायत संचालनालय करते. त्याच्याकडे जन्म-मृत्यूची नोंद, ना हरकत दाखले, ग्रामसभेचे इतिवृत्त, न्यायालयातील प्रकरणे आणि परवाने हे सारे एकत्र असते. हॉटेलांनी भरलेल्या गावाचे महसुली सर्वेक्षण या मनुष्यबळावर होणार नाही.

परवान्याचा अधिकार किती गंभीर असतो हे शेजारच्या हडफड्यात दिसले. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री तिथल्या एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत 25 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पंचायतीने दिलेला व्यापार परवाना आणि बांधकामाची वैधता हे चर्चेच्या केंद्रस्थानी आले. एरवी काही हजारांच्या शुल्काची बाब म्हणून पाहिला जाणारा कागद एकाएकी फौजदारी प्रकरणाचा भाग झाला. पंचायतीला स्वतःचे उत्पन्न वाढवायचे असेल तर त्यासोबत तपासणीची जबाबदारी येते, आणि तपासणीसाठी अभियंता, अग्निसुरक्षेची जाण असलेला माणूस आणि वेळ लागतो. उत्पन्न वाढले तर हे परवडेल, आणि हे असल्याशिवाय उत्पन्न वाढणार नाही, अशा कोंडीत किनारी पंचायती सापडल्या आहेत.

दुसरे हातातले साधन कचरा शुल्काचे. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी स्थानिक संस्थांना उपविधी करून वापरकर्ता शुल्क घेण्याची मुभा दिली. दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवून त्यांच्यावर वर्गीकरणाची आणि ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारात जिरवण्याची जबाबदारीही टाकली. हॉटेलाच्या खोल्यांच्या संख्येवर, रेस्टॉरंटच्या टेबलांवर, क्लबच्या क्षमतेवर बांधलेले शुल्क हे पर्यटकाकडूनच वसूल झालेले शुल्क असते, कारण हॉटेलमालक ते शेवटी बिलातच घालतो. नाका लागत नाही, रस्ता अडत नाही, बेळगावचा भाऊ सुटतो.

राज्याने द्यायचे ते

तिसरी गोष्ट पंचायतीच्या हातात नाही, पण विधिमंडळाच्या हातात आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा तीच आहे. 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांना कायदे करता येतील अशा विषयांच्या यादीतील, 62 वी नोंद बदलली. पूर्वी तीत ऐषाराम, करमणूक, जुगार यांवरील कर होते. आता ती नोंद म्हणते की करमणूक आणि मनोरंजनावरील कर, जेवढा पंचायत, नगरपालिका, प्रादेशिक किंवा जिल्हा परिषद लावील व वसूल करील तेवढा. म्हणजे राज्यांचे करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन होत असताना संविधानाने एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली, आणि ती स्थानिक संस्थांसाठी ठेवली. कळंगुट-बागा पट्ट्यातील पार्ट्या, क्लबांचे प्रवेशशुल्क, जलक्रीडा यांची उलाढाल पाहता या खिडकीचा अर्थ गोव्याला देशात सर्वांत आधी कळायला हवा होता. पंचायतीला ठराव करायचाच होता तर तो या कराचे दर व नियम करून द्या अशी मागणी करणारा हवा होता. अशा मागणीला ‘तुम्हाला अधिकार नाही’ हे उत्तर देता आले नसते, कारण अधिकार द्यावा हीच तर मागणी.

राज्य वित्त आयोगाचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार थोडे घडले आहे. 243-झ कलमानुसार दर पाच वर्षांनी असा आयोग नेमून राज्याच्या करांतला किती हिस्सा पंचायतींना जावा हे ठरवायचे असते. गोव्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या आयोगांमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ गेला. पंधराव्या वित्त आयोगाने मार्च 2024 नंतर राज्य आयोग न नेमणाऱ्या व त्याच्या शिफारशींवर कृती न करणाऱ्या राज्यांचे अनुदान थांबवण्याची अट घातली, तेव्हा अनेक राज्यांची धावपळ झाली. खोलीवरील करातला काही वाटा ज्या पंचायतीच्या हद्दीत ती खोली आहे तिला परत द्यायचा, तरंगत्या लोकसंख्येला वाटपाच्या सूत्रात वजन द्यायचे, हे सुचवण्याची जागा राज्य वित्त आयोग हीच. हॉटेल नोंदणीचे आकडे पर्यटन खात्याकडे आहेत, त्यामुळे पंचायतवार तरंगत्या लोकसंख्येचा अंदाज बांधणे अशक्य नाही.

सर्व पंचायतींना याचा सारखाच लाभ होणार नाही, हेही नोंदवायला हवे. राज्यात 191 ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या किनाऱ्यावरील थोड्याच. सांगे किंवा काणकोणच्या डोंगराळ भागातील पंचायतीला करमणूक करातून काही मिळणार नाही, तिला अनुदानावरच अवलंबून राहावे लागेल. खाणपट्ट्यातील पंचायतींनी तर 2012 ची बंदी आणि 2018 चा दुसरा थांबा यांत पाहिले आहे की एकाच व्यवसायावर गावाचे अर्थकारण टेकवले तर काय होते. डिचोली आणि सत्तरीत ट्रक उभे राहिले, दुकाने बंद पडली आणि त्यासोबत पंचायतीची वसुलीही आटली. कळंगुटच्या उत्पन्नाचा पाया पर्यटन हाच एक असल्यामुळे हा धोका तिलाही आहे. एप्रिल 2020 मध्ये किनारे रिकामे पडले तेव्हा याची चुणूक दिसली होती.

बसने येणाऱ्यांचा मूळ प्रश्न यातूनही शिल्लक राहतो, कारण ते ना खोली घेतात ना क्लबात जातात. त्यांच्याकडून पैसे घेण्याची एक जागा आहे आणि ती नाक्यावर नाही. बस कुठेतरी थांबावी लागते. आज ती शेतात किंवा रस्त्याकडेला थांबते, म्हणून चूलही तिथेच पेटते. पंचायतीच्या किंवा कोमुनिदादच्या (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) जागेत भाड्याने वाहनतळ उभारला, तिथे शौचालये, नळ, कचऱ्याच्या वेगळ्या पेट्या आणि जेवण रांधायला छपराखाली ओटे दिले, बसमागे ठरावीक शुल्क घेतले आणि त्याबाहेर चूल मांडणाऱ्यांवर पर्यटन स्थळांच्या कायद्यातील दंड खरोखरच बसवला, तर ते शुल्क सेवेच्या बदल्यातले असेल आणि न्यायालयात टिकेल. अशा वाहनतळासाठी स्वच्छतेचा बांधील निधीही काही अंशी वापरता येईल. जागा कोणाची घ्यायची, कोमुनिदाद किती भाडे मागेल आणि पोलीस रस्त्याकडेच्या बसेस हलवतील का, हे प्रश्न कळंगुटच्या ग्रामसभेत सोडवावे लागतील. त्यांतला शेवटचा सर्वांत अवघड, कारण पोलीसही राज्याचेच.